नवी विटी, जुनंच राज्य

परवा यंदाचा पहिला दणकून बर्फ पडला म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यातनं स्नोब्लोअर ओढत होतो, तर त्याच्या हँडलला अडकून एक टी-शर्ट खाली पडला. नेव्ही ब्लू, पाठीवर ५९, वर दुरान. लेकीचा. कॉलेजसाठी मॅडिसनला जाताना तिने खोली अशी काही साफ केली की हँगरसुद्धा ठेवले नाहीत, पण हा शर्ट मात्र गॅरेजमध्ये गाडी पुसायच्या फडक्यांच्या पिशवीवर घडी घालून ठेवून गेली. घडी घालून, हे महत्त्वाचं. फडकं म्हणूनच द्यायचा तर घडी कशाला घालेल कुणी? मी तो झटकला, दोन मिनिटं हातात धरून उभा राहिलो आणि परत तिथेच ठेवला, कारण मलाही कळेना त्याचं करायचं काय.

योआन दुरान म्हणजे मिनेसोटा ट्विन्स या आमच्या बेसबॉल टीमचा क्लोजर. मॅचमध्ये एक-दोन रननी पुढे असताना शेवटच्या इनिंगला येऊन दाराला कडी लावणारा बॉलर, असं समजा. तो यायचा तेव्हा टार्गेट फील्ड या आमच्या अख्ख्या स्टेडियमचे लाइट बंद व्हायचे, स्क्रीनवर ज्वाळा, पोरं मोबाईलचे टॉर्च लावून उभी, आणि मग हा धिप्पाड डॉमिनिकन गडी कट्ट्यावर गप्पा मारायला निघाल्यासारखा आरामात चालत यायचा आणि ताशी १६० किलोमीटरच्या वरचे बॉल टाकायला लागायचा. जुलै २०२५ च्या शेवटी तो फिलाडेल्फियाला गेला. गेला म्हणजे पाठवला. आणि एकटा नाही. त्या आठवड्यात ट्विन्सनी २६ जणांच्या टीममधले १० खेळाडू देऊन टाकले. कोरेया, दुरान, जॅक्स, बेडर, कास्त्रो, फ्रान्स, स्टुअर्ट, कुलोम्ब, पॅडॅक आणि लुई वारलँड, जो इथल्याच सेंट पॉलचा, घरचा पोरगा. मी ऑफिसात एका न संपणाऱ्या मीटिंगमध्ये होतो, फोन टेबलावर उलटा ठेवलेला आणि दर थोड्या वेळाने थरथरत होता, आणि प्रत्येक वेळी लेकीचा एकच मेसेज, "हा पण गेला". शेवटी शेवटी तर नुसतं "पण".

मी २००५ च्या उन्हाळ्यात मिनिॲपोलिसला आलो. बेसबॉलचं मला काडीचं प्रेम नव्हतं, लहानपणापासून सांगलीत क्रिकेट खेळलेला माणूस मी, मला ते बॅट गोल असणं हेच पटत नव्हतं. पण एकटा होतो, क्रिकेट टीव्हीवर मिळत नव्हतं आणि मेट्रोडोमची वरच्या मजल्यावरची तिकिटं पिझ्झापेक्षा स्वस्त होती. मेट्रोडोम म्हणजे हवेच्या दाबावर छत तरंगत ठेवलेलं बंदिस्त स्टेडियम. वर पांढरं कापड, आत प्लास्टिकचं गवत, आणि बाहेर पडताना दारातून आतली हवा तुम्हाला मागून असा काही ढकलायची की पायऱ्या आपोआप उतरल्या जायच्या. तिथे बसून बसून कधी लळा लागला ते कळलंच नाही. आधी रात्री स्कोअर बघायला लागलो, मग पिचरची, म्हणजे बॉलरची, नावं पाठ झाली, मग एका रविवारी बायको म्हणाली की तू झोपेत "टाक, टाक" म्हणत होतास.

मला तेव्हा कुणी सांगितलं नाही की मी आलो त्याच्या आधीच एक गोष्ट घडून गेली होती. ५ ऑक्टोबर २००४ ला ट्विन्सनी न्यूयॉर्कला यँकीजविरुद्ध प्लेऑफची पहिली मॅच जिंकली होती. जोहान सांताना बॉलिंगला होता, २-०. ती शेवटची. त्यानंतर प्लेऑफमध्ये सलग १८ हार. अठरा. २००४ च्याच सिरीजमधल्या उरलेल्या ३, २००६ ला ओकलंडकडून ३, मग २००९ ला यँकीज ३, २०१० ला यँकीज ३, २०१७ ला यँकीज १, २०१९ ला पुन्हा यँकीज ३, आणि २०२० ला, कोविडच्या रिकाम्या स्टेडियममध्ये, ह्यूस्टनकडून २. त्या वर्षी ह्यूस्टनने सीझनमध्ये जिंकल्या २९ आणि हरल्या ३१, म्हणजे जेमतेम काठावर पास झालेलं पोरगं आमच्या घरी येऊन आम्हाला धुऊन गेलं. अमेरिकेतल्या मोठ्या चार खेळांत प्लेऑफमध्ये सलग इतक्या मॅच दुसरी कुठलीच टीम हरलेली नाही. मी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. नाणं उडवून सलग १८ वेळा काटा पडायची शक्यता २,६२,१४४ मध्ये एक. आणि ही टीम टाकाऊ नव्हती हो, हेच तर दुखणं आहे. टाकाऊ टीम प्लेऑफला जातच नाही. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत १६२ मॅच खेळायच्या, रोज म्हणजे अक्षरशः रोज, त्यातून वर यायचं, आणि मग तीन-चार दिवसांत सगळा खेळ खल्लास. हत्ती गेला शेपूट राहिलं असं एकदा झालं तर ठीक आहे, दरवेळी शेपटालाच अडकायचं म्हणजे काय.

यात २००९ ची गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण त्या वर्षी माझे वडील, अण्णा, इथे होते. सहा महिन्यांच्या व्हिजावर आलेले, आई नातीत रमलेली आणि अण्णांना करमेना. अण्णा नोकरी सांभाळून सांगलीत पंचवीस-तीस वर्षं क्लब क्रिकेटला अंपायरिंग करत आले होते, शिवाजी स्टेडियमवर, फुकट किंवा एका नाश्त्यावर. त्यांना मी मॅच दाखवली तर ते बॅटरकडे बघतच नव्हते. बॅटरच्या मागे वाकून बसणाऱ्या अंपायरकडे बघायचे. "हा दिवसभर असा वाकून बसतो? गुडघे काय करत असतील याचे." मग स्ट्राइक झोन, म्हणजे बॉल बॅटरसमोरच्या ज्या चौकटीतून जायला हवा ती, समजावून घेतला आणि आठवड्याभरात मला सांगायला लागले की हा आजचा अंपायर बाहेरचा बॉल देतो, कालचा देत नव्हता.

तर त्या वर्षी ट्विन्स चार मॅच उरल्या असताना तीनने मागे होते, आणि डेट्रॉइटला गाठून बरोबरी केली. मग ६ ऑक्टोबरला मंगळवारी एक जादा मॅच, १६३ वी, जिंकेल तो प्लेऑफला. ऑफिसातल्या एकाकडे दोन तिकिटं जास्तीची होती म्हणून मी अण्णांना घेऊन गेलो. एरवीच्या नऊऐवजी बारा इनिंग, साडेचार तास, चोपन्न हजार माणूस पांढरे रुमाल फिरवतंय, अण्णांनी पण कुठून तरी एक रुमाल मिळवला आणि गरगर फिरवायला लागले. बाराव्या इनिंगला ट्विन्स ६-५ ने जिंकले तेव्हा शेजारच्या एका अनोळखी आजीबाईंनी अण्णांना मिठी मारली आणि अण्णांनी घाबरून त्यांना नमस्कार केला. बाहेर पडताना दारातल्या हवेने ढकललं तर म्हणाले, "जा म्हणतंय, पुरे झालं म्हणतंय."

तीन दिवसांनी, शुक्रवारी, न्यूयॉर्कमध्ये दुसरी मॅच. आम्ही घरी टीव्हीसमोर. नवव्या इनिंगला ट्विन्स ३-१ ने पुढे, आणि यँकीजच्या रॉड्रिगेझने दोन रनचा होमरन, म्हणजे बेसबॉलमधला सिक्सर, मारून बरोबरी केली. अकराव्या इनिंगला आमचा जो माउर, हा पण सेंट पॉलचा, त्याने डावीकडच्या लाइनजवळ बॉल मारला. यँकीजच्या फील्डरच्या ग्लव्हला लागून बॉल लाइनच्या आत पडला, आत म्हणजे चांगला फूटभर आत, आणि उडून प्रेक्षकांत गेला. तिथेच काही पावलांवर उभ्या असलेल्या अंपायरने फाउल, म्हणजे लाइनच्या बाहेर, दिला. तेव्हा असल्या निर्णयांना रिप्ले नव्हता. मी सोफ्यावरून उठून जे ओरडायला लागलो ते मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं, बायको आतून आली, मी मराठीतनं इंग्लिशमधनं सगळ्या शिव्या त्या अंपायरला घातल्या. अण्णा गप्प. रिप्ले तीनदा दाखवला, तीनदा बघितला. मग म्हणाले, "आत आहे. चुकला तो." पुढे माउरला परत बॅटिंग करावी लागली तर त्याने सिंगल मारलाच, म्हणजे पहिल्या बेसवर पोचला, आणि पुढच्या दोघांनी पण मारले, म्हणजे तिन्ही बेस भरलेले आणि एकही आउट नाही. त्यातून शून्य रन. शून्य. आणि मग यँकीजच्या बॅटिंगला त्यांचा टेशेरा आला आणि होमरन, मॅच संपली.

मी परत सुरू झालो अंपायरवर. तेव्हा अण्णा म्हणाले, "मंगळवारी त्या डेट्रॉइटच्या पोराच्या शर्टाला बॉल घासून गेला होता, बाराव्या डावात, बेस भरलेले असताना. तो अंपायरला दिसला नाही. त्यांना फुकटचा रन मिळाला असता. तेव्हा नाही ओरडलास." बॉल अंगाला लागला की बॅटरला बेस फुकट मिळतो, आणि बेस भरलेले असले तर रन. खरं होतं, आम्ही घरी येऊन रिप्लेत बघितलं होतं ते, आणि हसलो होतो. "आणि आज तीन माणसं उभी होती ना बेसवर? अंपायरने एक चूक केली, तुमच्या पोरांनी तीन." मला इतका राग आला त्यांचा की मी जेवलो नाही. रविवारी मेट्रोडोममध्ये ट्विन्स शेवटची मॅच खेळले, तीही हरले, आणि पुढच्या वर्षीपासून नवीन स्टेडियम.

त्या नवीन स्टेडियमबद्दल एक सांगतो. टार्गेट फील्ड सुंदर आहे, त्यात वादच नाही, चुनखडीच्या पिवळसर दगडाचं, मागे डाउनटाउनच्या इमारती, आणि मधोमध मिनी आणि पॉल, म्हणजे मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरं, नदीवरून हात मिळवतायत अशी मोठी पाटी, आपला होमरन झाला की लुकलुकते. पण ते बांधायला हेनपिन काउंटीत सेल्स टॅक्स वाढवला, ०.१५ टक्के. म्हणजे दर शंभर डॉलरला पंधरा सेंट. मी याच काउंटीत राहतो. सोफा घेतला, टीव्ही घेतला, डिशवॉशर बिघडला म्हणून दुसरा घेतला, प्रत्येक वेळी पंधरा-पंधरा सेंट त्या दगडांत गेलेत. त्यामुळे "तुझी टीम म्हणजे काय, तू काय मालक आहेस का" असं कुणी विचारलं की मी म्हणतो, हो, सोफ्यापुरता आहे.

आता मॅनेजमेंट. हा शब्द आमच्याकडे रोज उठून निघतो. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला कोच, पण गंमत अशी की तो खेळाडूंचाच युनिफॉर्म घालतो, साठ-पासष्टीचा पोट सुटलेला माणूस असला तरी बेल्ट लावलेली बेसबॉलची पँट घालून डगआउटमध्ये उभा. शास्त्रीबुवा पॅड बांधून पॅव्हेलियनमध्ये बसलेत अशी कल्पना करा. हरलं की पहिली कुऱ्हाड याच्यावर. आता ट्विन्सचा हिशोब बघा. गार्डनहायर २०१० ला लीगचा मॅनेजर ऑफ द इयर. मॉलिटर २०१७ ला मॅनेजर ऑफ द इयर. बाल्डेली २०१९ ला मॅनेजर ऑफ द इयर. तिघांनाही बक्षीस मिळालं ते त्याच वर्षी, ज्या वर्षी यँकीजने त्यांना पहिल्याच फटक्यात घरी पाठवलं. कारण बक्षिसाची मतं प्लेऑफच्या आधी घेतात, म्हणजे वरात निघायच्या आधीच नवऱ्याला आदर्श पतीचं प्रमाणपत्र. आणि तिघांचीही पुढे हकालपट्टी. गार्डनहायर २०१४, मॉलिटर बक्षिसाच्या पुढच्याच वर्षी, बाल्डेली सप्टेंबर २०२५ ला, सीझन संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ७० जिंकल्या ९२ हरल्या.

आणि दरवेळी आम्ही टाळ्या वाजवल्यात, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे म्हणतात ना, नवी विटी नवं राज्य. विटी-दांडूत डाव नव्याने सुरू झाला की आधीचं सगळं माफ, कोण किती हरलं ते कुणी काढायचं नाही. प्रत्येक नव्या माणसाच्या वेळी मला तसंच वाटलंय. सगळ्यात जास्त वाटलं २०१६ ला. त्या वर्षी १०३ मॅच हरलो होतो, वरची जुनी माणसं घालवली आणि क्लीव्हलंडहून डेरेक फाल्व्हीला आणलं, वय फक्त ३३. हा डगआउटमधला मॅनेजर नव्हे, त्याच्या वरचा, खेळाडू कोण घ्यायचे कोण द्यायचे ते ठरवणारा. आकडेवारीवाली पिढी. बॉल किती फिरतो, बॅटवरून कोणत्या कोनात सुटतो, सगळं मोजणार. मी सॉफ्टवेअरवाला, मला तर वाटलं आपलाच माणूस सत्तेवर आला. आणि २०१९ ला त्या मोजण्याचं फळ पण मिळालं. टीमने ३०७ होमरन मारले, तोपर्यंत एका सीझनमध्ये इतके कुणीच मारले नव्हते, १०१ मॅच जिंकल्या. उन्हाळाभर रोज रात्री घरात दिवाळी. ऑक्टोबरला यँकीज आले. तीन मॅच, तीन हार. पहिले पाढे पंचावन्न.

मला वाटतं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरायला लागलं की आपण म्हणतो "मॅनेजमेंट बदला", पण बदलता येण्यासारखा जो माणूस असतो तो नेहमी मधल्या पायरीवरचा असतो. ज्याचं चुकलं तो आणि ज्याला काढता येतं तो, हे दोन वेगळे असू शकतात. पण हे शहाणपण मला टिकवता आलं नाही, कारण मधेच ते जिंकले.

३ ऑक्टोबर २०२३. टोरोंटोविरुद्ध, आपल्या घरी. पाब्लो लोपेझ बॉलिंगला होता, आणि हा व्हेनेझुएलाचा पोरगा त्या दिवशी स्टेडियमवर आला तो सांतानाची जुनी जर्सी घालून. सांताना, तोच, २००४ वाला, तोही व्हेनेझुएलाचाच. मी फोटो बघितला आणि तिथेच मला कसंतरी झालं, म्हणजे या खेळाडूंना पण माहीत आहे, आपल्याला वाटतं यांना काय पडलंय, येतात पैसे घेतात जातात. लेक सोळा वर्षांची, शाळेतनं थेट घेऊन गेलो. रॉइस लुईसने पहिल्याच इनिंगला होमरन मारला, मग तिसरीला आणखी एक. ३-१. शेवटचा आउट झाला तेव्हा मैदानात जो आवाज झाला तो आनंदाचा नव्हता, म्हणजे नुसता आनंदाचा नव्हता, बाळंतपणाच्या खोलीबाहेर तासन् तास बसलेल्या माणसांना नर्सने येऊन सांगावं तसा होता तो. एकोणीस वर्षं होत आली होती. त्या एकोणीस वर्षांत माझी मुलगी जन्मून माझ्या खांद्याला लागली, व्हिजाचं ग्रीन कार्ड झालं, आई गेली, केस गेले. दुसऱ्या दिवशी परत जिंकले, सिरीज पण जिंकली, २००२ नंतर पहिल्यांदा. पुढे ह्यूस्टनने हरवलं पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. म्हटलं, घोडं गंगेत न्हालं, आता इथून वर.

आणि महिन्याभरात मालकांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी पगाराचं बजेट कमी. जवळजवळ ३ कोटी डॉलर कमी केलं. कारण टीव्हीच्या पैशांचं काही खरं राहिलं नव्हतं, ज्या केबल कंपनीकडून पैसे यायचे तिचंच दिवाळं निघालेलं. कारण खोटं नव्हतं. पण एकोणीस वर्षांनी पोराला पहिल्यांदा फर्स्ट क्लास मिळावा आणि बापाने त्याच संध्याकाळी क्लास बंद करावा, असं झालं ते. २०२४ च्या ऑगस्टच्या मध्याला टीम ७०-५३ वर होती, सगळं छान, आणि शेवटच्या ३९ पैकी २७ हरले. प्लेऑफ हुकला. स्टेडियममध्ये लोक "सेल द टीम" ओरडायला लागले. मी पण ओरडलो, हळू आवाजात, कारण शेजारी ऑफिसातला बॉस होता.

मालक म्हणजे पोलॅड कुटुंब. कार्ल पोलॅड यांनी १९८४ ला टीम घेतली. त्यांच्याच काळात १९८७ आणि १९९१ च्या दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या फायनल, जिंकल्या, ते श्रेय द्यायलाच हवं. पण हेही खरं की २००१ ला मेजर लीग दोन टीम कायमच्या बंद करायला निघाली होती तेव्हा यांची तयारी होती, शेवटी कोर्टाने मेट्रोडोमचा करार पाळायला लावला म्हणून टीम वाचली. मग आजोबांनंतर काका, काकांनंतर नातू जो. ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी सांगितलं की विकायचा विचार आहे. काय आनंद झाला म्हणून सांगू, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात आम्ही चार-पाच जण फराळाच्या ताटाभोवती उभं राहून कोण घेईल यावरच बोलत होतो, एकजण म्हणाला आपण काँट्रिब्युशन काढू, चकली मोडून शपथ घेतली. दहा महिने वाट बघितली. जुलैच्या शेवटी ते दहा खेळाडू गेले तेव्हासुद्धा मी लेकीला समजावलं की अगं, नवीन मालकासाठी घर रिकामं करतायत. आणि १३ ऑगस्टला घोषणा, विकत नाही. भागीदार घेऊ थोडे, कर्ज फेडू, टीम आमचीच.

लेक फोनवर नुसतं "ओके" म्हणाली. एवढंच. तिचं ते ओके मला "सेल द टीम"पेक्षा जास्त लागलं.

ती आता मॅडिसनला म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये, तिथे सगळे मिलवॉकी ब्रूअर्सवाले. लहान टीम, लहान शहर, पैसा नाही ही जी आमची कायमची रड आहे ना, तिच्यावर तिच्या रूममेट हसतात, कारण मिलवॉकी आमच्याहून लहान, आणि २०२५ च्या सीझनमध्ये सगळ्या लीगमध्ये सगळ्यात जास्त मॅच जिंकले, ९७. मग प्लेऑफमध्ये लॉस एंजेलिसने त्यांना ४-० ने झोपवलं तो भाग वेगळा. लेक म्हणते, बाबा, ते पण रडले, पण त्यांना निदान कळत होतं कशासाठी रडतोय.

आणि मी काय बघत होतो त्या ऑक्टोबरमध्ये? वारलँड. सेंट पॉलचा आमचा लुई वारलँड, टोरोंटोच्या निळ्या शर्टात. तो त्या प्लेऑफमध्ये १५ मॅचमध्ये बॉलिंगला आला, एका वर्षाच्या प्लेऑफमध्ये इतक्या मॅच आजवर कुठल्याच पिचरने खेळलेल्या नाहीत. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचलासुद्धा आला. माझा सोफा तोच, पंधरा-पंधरा सेंटवाला, त्यावर एकटा बसून मी त्याच्या प्रत्येक बॉलला "टाक, टाक" करत होतो. टोरोंटो हरलं. म्हणजे उधारीवर जिंकायची सोय पण गेली. याआधीही एकदा असंच, २००२ च्या डिसेंबरला डेव्हिड ऑर्टीझ नावाच्या बॅटरला ट्विन्सनी असंच सोडून दिलं होतं, बॉस्टनने उचललं, त्याने तिथे तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या आणि हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. मी आलो तोवर तो तिकडचा देव झाला होता, आमच्या वाट्याला फक्त "आमच्याकडे होता" एवढं.

तर आता परत नवी विटी. बाल्डेलीच्या जागी डेरेक शेल्टन आलाय. २०२५ च्या डिसेंबरला मालकांच्या घरातला कारभारही बदलला, जो च्या जागी त्याचा थोरला भाऊ टॉम आला. म्हणजे पेढीवर धाकट्याऐवजी थोरला बसला, पाटी तीच. मला माहीत आहे सगळं. मला माहीत आहे की शेल्टन पिट्सबर्गला पाच-सहा वर्षं होता आणि एकदाही प्लेऑफला गेला नाही. हेही माहीत आहे की पिट्सबर्गचा मालक पैसे सोडत नाही म्हणून तिथले लोक आमच्यासारखेच ओरडतात, तेव्हा त्याच्यावर किती ढकलायचं हा प्रश्नच आहे. २०२५ ला स्टेडियममध्ये गर्दी इतकी कमी होती की कोविडची वर्षं सोडली तर टार्गेट फील्ड बांधल्यापासून एवढी कमी कधीच नव्हती, आणि मला ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. हे सगळं माहीत असूनही त्या टॉमची मुलाखत लागली तर मी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. बायको म्हणाली फोडणी जळतेय. म्हटलं एक मिनिट, बघू काय म्हणतोय. बोलतो तरी बरा आहे. आधीचेही बरेच बोलायचे.

रविवारी सकाळी अण्णांचा व्हिडिओ कॉल असतो. पंच्याऐंशीचे आहेत, कानाला मशीन, पण ट्विन्सचं विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत, सीझन असो की नसो.

"कोण आणलाय रे नवीन?"

"शेल्टन म्हणून आहे, अण्णा."

"कुठला?"

"पिट्सबर्गला होता. त्याच्या आधी इथेच होता, २०१९ ला. असिस्टंट होता मॅनेजरचा, बेंचवर."

"एकोणीस म्हणजे ते होमरनवालं वर्ष? हरलात तेच ना?"

"सगळ्याच वर्षी हरलो की अण्णा."

"हां. तेही खरं." मग थोडा वेळ स्क्रीनवर नुसतं त्यांचं कपाळ आणि मागची कॅलेंडरची भिंत. "आणि तो वाकून बसणारा अंपायर? त्याचे गुडघे काय म्हणतायत?"

म्हटलं रिटायर झाला असेल हो आता, आणि तसंही २०२६ च्या सीझनपासून स्ट्राइक-बॉलवर खेळाडूंना अपील करता येणार आहे, मग मशीन सांगणार बरोबर की चूक. अण्णांना ते अजिबात आवडलं नाही. त्यावर आम्ही वीस मिनिटं भांडलो, खाली ड्राइव्हवेवर तोवर आणखी चार इंच पडला.